वही पूर्ण आहे, पण लिहिली कुणी?

पत्राचा सारांश: अमळनेर-धुळे पट्ट्यातल्या एका गावातून एका आईने पत्र लिहिलं आहे. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला आहे. शाळा पाचवीपर्यंतच, त्यामुळे जूनपासून तिला एसटीने शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जावं लागणार. चौथी आणि पाचवीला मिळून एकच सर. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ येतो: प्रश्नोत्तरं, शब्दार्थ, शुद्धलेखन, गणिताचा उदाहरणसंग्रह. मुलगी सातला बसते ती साडेनऊपर्यंत पेंगत लिहीत असते. कापूस वेचून दमून आलेली आई पाठीमागे लागते, मग रडारड होते. “शेवटी उरलेलं मीच लिहून टाकते. तिच्यासारखं अक्षर काढायची आता मला सवय झाली आहे.” वहीवर ‘छान’ शेरा मिळतो, पण पहिल्या सत्राच्या गणिताच्या पेपरात मुलीने सगळी शाब्दिक उदाहरणं कोरी सोडली. धुळ्यात इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पुतण्याला किती गृहपाठ असतो, हे नवऱ्याचं पालुपद. त्यांना मुलीला नवोदय शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला घालायचं आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला झोपू द्या. आई विचारते: “मी फक्त दहावी झालेली. मुलगी आळशी आहे की मीच कमी पडते? क्लास लावू की शाळा बदलू? आणि घरात अहिराणी बोलणं बंद करू का?”

ताई,

आधी त्या अक्षराबद्दल बोलू.

मुलीसारखं अक्षर काढून वही पूर्ण करणाऱ्या आया मला नव्या नाहीत. मी वर्गावर होते तेव्हा अशा वह्या पुष्कळ हातात यायच्या. पानाच्या वरच्या अर्ध्यात हातच्याचे बारके आकडे, एक खोडलेली ओळ, खोडरबराने कागद विरलेला. खालच्या अर्ध्यात एकही खाडाखोड नाही. मूल चुकतं, पुसतं, पुन्हा लिहितं. आई थेट बरोबर लिहिते. अक्षराचं वळण तुम्ही कितीही साधलंत तरी चुका साधता येत नाहीत. निवांत बसून पाहिलं तर ते कळतं. पण दोन वर्गांच्या वह्यांचा गठ्ठा मधल्या सुट्टीत उरकणाऱ्या सरांना ते दरवेळी दिसेलच असं नाही.

आता सरांच्या जागी बसून बघा. वही उघडली, पाचही उदाहरणं बरोबर. सरांनी काय समजायचं? पोरीला भागाकाराची शाब्दिक उदाहरणं जमली, म्हणजे उद्या पुढचा धडा घ्यायला हरकत नाही. तुम्ही मायेपोटी लिहिलंत आणि सरांना जी एक खबर मिळायला हवी होती ती वाटेतच अडली. तुमच्या लेकीला काय येत नाही हे आज तुम्हाला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि ज्यांनी त्यावर काही करायचं त्या माणसाला मात्र माहीत नाही. पेपर कोरा राहिला त्याचं मूळ मला इथे दिसतं.

तुम्ही विचारलंत ती आळशी आहे का. ताई, आळशी मूल अडीच तास बसत नाही. ते पाटीदप्तर टाकून ओट्यावर पळतं. तुमची लेक बसते, म्हणजे तिला करायचं असतं, कुठेतरी अडतं. कुठे, ते शोधायला एक संध्याकाळ खर्च करा. त्या दिवशी तिला काही लिहायला लावू नका. गणिताचं पुस्तक उघडा आणि एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. मग पुस्तक मिटून विचारा, “काय विचारलंय यात?” उत्तर नको, फक्त विचारलंय काय तेवढं.

माझा अंदाज असा आहे की ती इथेच गप्प होईल. पुस्तकातलं वाक्य साधारण असं असतं: ‘एका मजुराने तीन दिवसांत अनुक्रमे १८, २१ व २३ किलोग्रॅम कापूस वेचला. प्रतिकिलोग्रॅम १० रुपये दराने त्यास एकूण किती मजुरी मिळेल?’ यात बेरीज आणि गुणाकार तिला येतो. अडतात ते ‘अनुक्रमे’, ‘प्रति’, ‘दराने’ आणि ‘त्यास’. हेच सासूबाईंनी तिला तव्यापाशी बसून विचारू दे, शेवटी “पैसा कितला भेटतीन?” असं म्हणून. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढताना जी पोरगी उभी असते, तिला ६२ किलोचे ६२० रुपये सांगायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून अहिराणी बंद करू का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: मुळीच नको. तिचं गणित आज अहिराणीत चालतं. ते पुस्तकी मराठीत न्यायचं तर आधी तिला जमतं तिथूनच सुरुवात करावी लागेल. आधी आजीने तिच्या भाषेत विचारावं, पोरीने तोंडी सोडवावं. मग तेच तिने मराठीत सांगावं, तिच्या शब्दांत. पुस्तकातलं वाक्य सगळ्यात शेवटी. रोज एकच उदाहरण असं केलं तरी पुष्कळ झालं. भाषा तोडलीत तर घरात तिला गणित विचारू शकणारं एक माणूस कमी होईल, दुसरं काही साधणार नाही.

आणि सासूबाईंना कमी लेखू नका. पाचवीला दशांश अपूर्णांक असतात. मुलांना ते टिंब फार त्रास देतं. पण कृषी केंद्राच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर १२.७५० असा आकडा उमटला की आजी बघता बघता म्हणते, पावणेतेरा किलो. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे ज्यांच्या तोंडात मुरलेलं आहे, त्यांच्याकडे पाचवीच्या त्या धड्याचा निम्मा भाग आधीच आहे. लेकीला दुकानात पाठवा, काट्यावरचा आकडा वहीत लिहून आणायला सांगा, आणि घरी आजीला वाचून दाखवायला. ‘बारा पूर्णांक सातशे पन्नास’ असं तिने वाचलं की आजी हसेल. हसू दे.

आता गृहपाठ किती असावा ते. केंद्र सरकारचं २०२० चं दप्तराविषयीचं धोरण आहे. त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच धोरणात गृहपाठाबद्दलही लिहिलं आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, ताई. तुमची लेक तेवढं एका संध्याकाळी बसते.

तरी हा कागद घेऊन सरांवर चालून जाऊ नका. एका वर्गखोलीत चौथी-पाचवी दोन्ही सांभाळायच्या तर काय होतं, हे बाहेरून कळत नाही. चौथीला फळ्यावर काही समजावून सांगायचं तर तोवर पाचवीला गप्प बसवणारं काम द्यावं लागतं, आणि असं काम म्हणजे बहुधा उतरवून काढणं. मग जे वर्गात राहिलं ते घरी. त्यातून पालकांनाही वही भरलेली दिसली तरच शाळेत काही होतंय असं वाटतं. गृहपाठ कमी दिला की “शाळेत काही घेतच नाहीत” म्हणणारे आपल्याच गल्लीत असतात. तुमच्या घरातही आहेत, रागावू नका.

पुतण्याच्या गृहपाठाचं दडपण तर घेऊच नका. गृहपाठावर मोठा अभ्यास केलेले अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी १९८७ ते २००३ या काळातली संशोधनं एकत्र तपासून २००६ साली निष्कर्ष मांडले. गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिकच्या मुलांत तो फार क्षीण आहे, असं त्यात आढळलं. इंग्रजी शाळेतला पुतण्या रात्री दहापर्यंत लिहितो म्हणजे तो पुढे गेला, असं त्यातून निघत नाही. (धुळे-जळगावातले जे आईबाबा रात्री अकराला थर्माकोल कापत मुलाचं ‘प्रोजेक्ट’ करतात त्यांनीही हे पत्र स्वतःलाच आलंय असं समजायला हरकत नाही. त्यांचं अक्षर फक्त प्रिंटरमधून येतं.)

मग नेमकं करायचं काय?

घरात गृहपाठाची वेळ ठरवा: पाऊण तास, घड्याळ लावून. धोरणापेक्षा ते जास्तच आहे, पण अडीच तासांवरून एकदम खाली आलं तर घरच्यांनाही पचणार नाही. त्या वेळात कठीण ते आधी. आता बहुतेक ती शुद्धलेखन आणि शब्दार्थापासून सुरुवात करत असेल, कारण ते सोपं. गणितापर्यंत पोचते तेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात. क्रम उलटा करा. पहिली पंधरा-वीस मिनिटं गणित, तेही तिचं तिने. मग प्रश्नोत्तरं, पण गाईडमधून उतरवून नाही. धडा एकदा मोठ्याने वाचायचा, प्रश्नाचं उत्तर आधी तोंडी सांगायचं, मग दोन ओळी लिहायच्या, तोडक्यामोडक्या असल्या तरी चालतील. उतरवून काढायचं काम सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात जेवढं होईल तेवढं. पाऊण तास संपला की वही बंद. राहिलं तर राहिलं.

आणि तुम्ही पेन हातात घ्यायचं ते फक्त चिठ्ठीसाठी. वहीतच, खाली, तुमच्या स्वतःच्या अक्षरात:

“सर, काल पाऊण तास बसली. पहिली तीन उदाहरणं तिची तिने केली. चौथ्यात काय विचारलंय ते तिला कळलं नाही. शुद्धलेखन राहिलं आहे.”

अशी चिठ्ठी असलेल्या अर्ध्या वहीतून सरांना जे कळेल, ते त्या ‘छान’ शेऱ्याच्या भरल्या वह्यांतून आजवर कळलेलं नाही.

मला माहीत आहे, तुम्हाला धास्ती वाटेल. लाल शाईत ‘अपूर्ण’ येईल, वर्गात सगळ्यांसमोर उभं करतील, पोरगी शाळेत जायला नको म्हणेल. म्हणून अपुरी वही पाठवायच्या आधी सरांना भेटा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं बंद आहे, हे तुमच्या माहितीत असू द्या. पण बोलणं त्यापासून सुरू करू नका. खरं काय ते सांगा. “सर, इतके दिवस वहीतलं निम्मं मी लिहीत होते” हे वाक्य तुम्हाला जड जाईल. बहुतेक सर चिडणार नाहीत, सुटल्यासारखं वाटेल त्यांनाही, कारण भरलेली वही आणि कोरा पेपर याचा मेळ त्यांनाही लागत नसणार. मग दोन गोष्टी मागा. एक, गृहपाठात उतरवून काढायचं कमी करून रोज दोनच शाब्दिक उदाहरणं देता येतील का. दुसरी, वर्गात एखादं उदाहरण सोडवण्याआधी मुलांना त्याचा अर्थ त्यांच्या बोलीत सांगू देता येईल का. दुसऱ्या गोष्टीने फक्त तुमच्या लेकीचं नाही, त्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं काम होईल.

सरांनी “सगळ्यांना सारखाच गृहपाठ, एकीसाठी बदलता येत नाही” असं म्हटलं तर तेही चूक नाही. तेव्हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्या. कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. गावोगावी या बैठका पोषण आहार, रंगरंगोटी आणि संडासाच्या दारावर संपतात. गृहपाठावर बोलायला तिथे कुणी बंदी केलेली नाही. तुमच्यासारख्या आणखी दोघीतिघी निघतील, विचारून बघा. अक्षर जुळवणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार.

कापसाच्या दिवसांचं वेगळं बोलते. अंधार पडल्यावर शेतातून येणाऱ्या बाईने चूलही बघायची आणि पाचवीचं गणितही, ही अपेक्षा मला मान्य नाही. त्या दिवसांत तुमचं काम एकच: तिने दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही भाकरी थापता थापता ऐकायचं. कुठे अडखळली तेवढं लक्षात ठेवा. घड्याळ लावायचं काम वडिलांचं. ते क्लासची फी भरायला तयार आहेत, मग पाऊण तास मोबाईल बाजूला ठेवून शेजारी बसायला काय लागतं?

“मी फक्त दहावी” हे मात्र सोडा. तुम्ही तिची उदाहरणं बरोबर सोडवून लिहिता, शेराही ‘छान’ मिळतो, म्हणजे पाचवी तुम्हाला येतेच की!

आता नवोदय. शाळा चांगली आहे, निवासी आहे, खर्च सरकारचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, मुलींसाठी एक तृतीयांश. म्हणजे तुमच्या यजमानांचं स्वप्न वेडगळ नाही. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण मानसिक क्षमतेला, २५ अंकगणिताला, २५ भाषेला. पाचवीत असताना एकदाच बसता येतं. अर्ज पावसाळ्यातच भरून होतात. तो भरलेला नसेल तर विषयच मिटला. भरला असेल तर परीक्षा जरूर देऊ द्या. पण रोजच्या अडीच तासांच्या वर आणखी दोन तासांचा क्लास लावू नका. त्या अंकगणितातही शाब्दिक उदाहरणं असतात आणि भाषेत उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात. वाचलेलं कळत नसताना क्लासमध्ये आकृत्या सोडवायच्या युक्त्या घोकून अर्धीच बाजू भरून निघेल. आणि एक गोष्ट तुमच्या तीन पानी पत्रात कुठेच नाही: लेकीला घर सोडून राहायचं आहे का? तिला विचारा. आईबापांनी आपसात ठरवून टाकण्याची ही गोष्ट नव्हे.

क्लास घेणारे जर कुठल्या शाळेत नोकरीवर असलेले शिक्षक असतील तर तेही लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं.

शाळा आत्ता बदलू नका. वर्षाच्या मध्ये नवे सर, नवी पोरं, कदाचित नवं माध्यम, आणि अडचण तीच. जूनमध्ये शाळा आपोआप बदलणारच आहे. त्याआधी या वर्षाअखेरची वार्षिक परीक्षा आहे. २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला ती लागू झाली. नापास झालेल्या मुलाला निकालानंतर पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्यातही पास झालं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. ‘पाचवीपर्यंत ढकलतातच’ असा समज अजून बऱ्याच घरांत आहे, म्हणून सांगते. कुठे अडतं ते सरांना आत्ता कळलं, तर परीक्षेआधी काही करायला त्यांच्या हातात वेळ राहील.

हायस्कुलात गेल्यावर प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतील. गणिताच्या सरांना मराठीच्या बाईंनी काय दिलंय ते ठाऊक नसेल, सगळ्यांचा गृहपाठ एकाच संध्याकाळी येऊन पडेल, त्यात एसटीची ये-जा. तिथे तुम्ही किती अक्षर जुळवणार? तिला तोवर एवढंच यायला हवं की वर्गात हात वर करून “सर, हे समजलं नाही” म्हणता यावं. पहिल्यांदा अहिराणीत म्हणाली तरी चालेल, “माले समजनं नही.” खानदेशातल्या हायस्कुलात हे न कळणारे शिक्षक मला तरी भेटलेले नाहीत.

शनिवारी सकाळची शाळा असते ना? सुटल्यावर सर तासभर तरी शाळेत असतात, वह्या नाहीतर ऑनलाइन माहिती भरत. तेव्हा जा. गणिताची वही आणि पहिल्या सत्राचा तो पेपर, दोन्ही बरोबर न्या आणि सरांसमोर शेजारी शेजारी उघडून ठेवा. यजमानांनाही न्या. लेकीला बाहेर मैदानात थांबवू नका, आत बसवा. कुठे अडतं ते तिचं तिला सांगू द्या.